नऊ घरांचे तांदूळ

भादव्यातल्या एका सकाळी मनकर्णा गोठ्यामागे शेण टाकायला गेली, तेव्हा तिचे सासरे नानाजी बोरीच्या फांद्या तोडत होते. म्हातारा माणूस वाकून एकेक फांदी कुऱ्हाडीनं पाडत होता आणि जपून एकावर एक रचत होता.

"मामाजी, काटे काऊन तोडून राह्यले?"

"कुंपणाले," नानाजी म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

कुंपण तर आषाढातच झालं होतं. रिकामी टोपली हातात तशीच धरून ती घरात आली आणि ओसरीवर गोधडीत निजलेल्या लटारूजवळ बसली. पिपरटोल्यात बोरीचे काटे कुंपणाखेरीज आणखी एकाच कामाला लागत. लहान लेकरू गेलं की त्याला जाळत नसत. नाल्याच्या काठी मोहाखाली पुरत, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर काटे घालून दगड ठेवत. तिथले दोन उंचवटे मनकर्णाचे होते. आठ दिवसांपूर्वी गावातल्याच मुखरूच्या लहानग्या लेकीचा, सोमारीचा उंचवटा झाला होता. तिच्यावरचे काटे अजून हिरवे होते.

लटारू अडीच वर्षांचा होता. एवढ्यातेवढ्यावरून घर डोक्यावर घेणारं लेकरू, पण काल दुपारपासून तो रडला नव्हता.

आपल्या चांदा जिल्ह्यातला भादवा ज्यांनी खेड्यात काढला आहे, त्यांना हे दिवस वेगळे सांगायला नकोत. बांधीत धान हिरवंगार उभं असतं आणि घरातली धान्याची ढोली बुडाशी आलेली असते. डोळ्यांना सुकाळ आणि पोटाला दुष्काळ. मोठी माणसं तरोट्याची भाजी आणि पातळ पेज यांवर दिवस रेटतात, आणि लेकरांच्या ताटलीतही तेच पडतं. लटारूचे पाय श्रावणात सुजू लागले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या की पोरगा भरला, बाळसं आलं. मनकर्णालाही तेव्हा बरंच वाटलं होतं. पुढे त्याचे काळे केस मक्याच्या कणसासारखे तांबूस झाले आणि पोटऱ्यांची कातडी तकाकू लागली, तरी बाळसं हा शब्द कुणी मागे घेतला नाही. सोमारीलाही असंच बाळसं आलं होतं.

आणि मदत दारात आली नव्हती असंही नाही. आली होती, आणि याच घरानं ती परतवली होती.

मार्कंड्याच्या जत्रेच्या वाटेवर, पिपरटोल्यापासून दोन कोसांवर बाजारगाव होतं. तिथं मिशनच्या विहिरीभोवती ख्रिस्ती मंडळींची नऊ घरं होती. कुणी सुतार, कुणी शाळेतला शिपाई, कुणी दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला जाणारी बाई. त्यांतल्या मार्थाबाई नगरकडच्या. नवऱ्याच्या पाठीपाठी इकडे आल्या, तो गेल्यावर इथंच राहिल्या, आणि पंधरा वर्षं मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम केलं. महिनाभरापूर्वी त्या डोक्यावर तांदळाची टोपली घेऊन चिखल तुडवत पिपरटोल्यात आल्या. जिथं लेकरू सुजलेलं दिसेल तिथं थांबत होत्या. मनकर्णाच्या दारात त्या आल्या, तेव्हा तांदूळ कशात घालू म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला टेकलेलं सूप दिसलं. त्यांनी ते घेतलं, भरून तांदूळ ओतले, उंबऱ्यावर ठेवले, आणि लटारूला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. मग त्याचं नाव विचारून वहीत लिहिलं.

नगरकडच्या बाईला त्यात वावगं काय वाटणार? पण मनकर्णाला त्यात सौदा दिसला.

कारण लटारू हे विकलेलं लेकरू होतं. आधीची दोन गेली, म्हणून तिसरं जन्मलं त्याच दिवशी त्याला सुपात घालून विकलं होतं. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं असंच करत. दुसऱ्या घरची बाई सूपभर धान्य उंबऱ्यावर ठेवी, लेकरू दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरी, नाव विचारी. झालं. लेकरू तिचं. मग ती सांभाळायला म्हणून ते आईकडेच ठेवून जाई. हे आपलं नाहीच, परक्याचं आहे, असं वाटून मरण उंबऱ्यावरूनच परत फिरतं, अशी समजूत. लटारूला गावाबाहेरच्या गोंडांच्या टोल्यावरच्या बुधरी सुईणीनं सूपभर कोदोचं धान्य देऊन घेतलं होतं. आणि विकलेलं लेकरू दुसऱ्यांदा विकलं गेलं, तर ते आईकडे राहत नाही, हेही सगळे सांगत.

मनकर्णानं लटारूला मार्थाबाईंच्या हातातून ओढून घेतलं. सूप पायानं उलटलं. तांदूळ अंगणात सांडले, कोंबड्या धावल्या. बिचाऱ्या मार्थाबाई काही न उमजून उभ्या राहिल्या आणि मग मान खाली घालून निघून गेल्या.

त्याच दिवशी नानाजी चावडीवर बोलले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. किरिस्तानाची बाई सुपानं लेकरं इकत घेत फिरून राह्यली, वहीत नावं लिहून राह्यली, तिचा दाणा ज्याच्या घरात शिजेल त्याचा पोरगा उद्या तिचा, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. दोन नातवंडं स्वतःच्या हातानं मातीत ठेवलेला तो म्हातारा होता आणि जे बोलला ते भीतीनं बोलला. पण भीतीनं बोललेला शब्दही गावभर फिरतो. मार्थाबाई पुन्हा आल्या तेव्हा एकेक दार त्यांच्या तोंडावर लागत गेलं. मुखरूनं तर वेशीवरूनच त्यांना परत धाडलं. सोमारी त्या वेळी अजून बसत होती, आईच्या पदराशी खेळत होती.

दारं लावून घेतली आणि गाव सुरक्षित झालं, असं सगळ्यांना वाटलं. पण मरण आधीच आत बसलं होतं.

त्या सकाळी मनकर्णानं पेजेचं बोट लटारूच्या ओठांना लावलं. त्यानं ते चाटलंही नाही. डोळे उघडे होते, पण ते आईकडे नव्हते, आढ्याकडे होते. त्याचा बाप पत्रू बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात मजुरीला होता. वैनगंगा फुगलेली, नावा बंद. निरोप धाडावा तरी कुणाबरोबर? मागच्या अंगणातून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. टक्, टक्. प्रत्येक घावागणिक ती लेकराला अधिकच जवळ ओढत होती.

बुधरी आली ती पाठीवर बांबूच्या कोवळ्या कोंबांची टोपली घेऊनच. वाटेवर तिला गोठ्यामागचे काटे दिसले असावेत. टोपली अंगणात टाकून ती थेट ओसरीवर चढली, लटारूचा पाय हातात घेतला आणि अंगठ्यानं दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत उमटतो तसा.

"हे बाळसं नाई, मनकर्णा," ती म्हणाली. "हे पानी हाय. सोमारीच्या अंगात हेच होतं. मी तिच्या मायले बोललो, पन तिनं आयकलं नाई."

मग काय करू, असं मनकर्णानं विचारलं. बुधरी म्हणाली, माझ्या मुळ्यांनी हे होणार नाही. मिशनच्या बायका डब्यातली दुधाची पूड पाण्यात कालवून असल्या लेकरांना पाजतात. टोल्यावरच्या जंगूचा नातू तिथं पंधरा दिवस होता आणि आता झाडावर चढतो.

मनकर्णाच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. तिथं नेलं तर लेकरू त्यांचं होईल, आणि नाही नेलं तर मोहाखाली जाईल. दोन्हीकडून जायचंच असेल, तर निदान माझ्या मांडीवर तरी जाऊ दे, असं ती बोलून गेली. बोलून झाल्यावर स्वतःच्याच शब्दांनी ती शहारली.

बुधरीनं हळूच विचारलं, "त्या दिशीचे तांदूळ सारे कोंबड्यायनंच खाल्ले काय?"

मनकर्णानं मान खाली घातली. भादव्यात सांडलेले तांदूळ कोणती आई कोंबड्यांना खाऊ देईल? सगळे पांगल्यावर तिनं मातीतून दाणा दाणा वेचला होता. पण शिजवायचा धीर झाला नाही आणि फेकवलेही नाहीत. चिंधीत बांधून ते तिनं आढ्यात खोचून ठेवले होते. ती पुरचुंडी तिनं काढून दिली.

बुधरीनं तांदूळ तळहातावर पसरले आणि उन्हात धरले.

"पाय. हा लुचई. हा हिरानखी. हा जाडा लाल, आमच्या टोल्यावरचा. हा उकडा. हा जुना, किडका. हा कनकी." ती बोटानं एकेक दाणा सारत होती. "एका ढोलीतला तांदूळ असा नसते, पोरी. हा लय घरचा हाय. मी तुह्या पोराले घेतलो तवा माह्या एका मडक्यातले कोदो देल्ले. घेनारी एक असते, मडका एक असते. घरोघरची मूठमूठ जमवून कोनी पोट्टा इकत घेतला, असं आयकलं हायेस कधी?"

मनकर्णा त्या दाण्यांकडे पाहतच राहिली. इतके दिवस आढ्यातून खाली पाहणारी ती पुरचुंडी तिला नागासारखी वाटत होती. आत हे असं होतं?

कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता. नानाजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले की त्यांचं घर किरिस्तानाच्या दारात जाणार नाही. गावाला एक सांगून आपण दुसरं करणार नाही.

बुधरी उठली. "नानाजी भाऊ, हा पोट्टा कोनाचा?"

"आमचा."

"तुमचा कवापासून झाला? जल्मला त्या दिशी तुमीच बोलले होते, बुधरीबाई, आजपासून तुमचा, आमी निस्ते राखनदार. साऱ्या गावानं आयकलं." तिनं गोधडीसकट लटारूला उचललं आणि छातीशी धरलं, अगदी त्या दिवशी धरलं होतं तसं. तिचा आवाज चढला नव्हता. "मंग मले पुसल्याबिगर माह्या लेकरासाठी काटे कोनं तोडले?"

नानाजींच्या हातातली कुऱ्हाड हळूहळू जमिनीला टेकली. बुधरी पायऱ्या उतरली, आणि मनकर्णा डोक्यावर पदर ओढून, सासऱ्यांकडे न पाहता, तिच्या मागे चालू लागली. वाट मोहाजवळूनच जात होती. मनकर्णानं त्या बाजूला पाहिलं नाही. बुधरीच्या खांद्यावर विसावलेल्या तांबूस केसांकडे पाहत ती दोन कोस चालली.

मार्थाबाई दुपारचा भात टाकण्याच्या बेतात होत्या. दारात या दोघींना पाहून त्यांनी काही विचारलं नाही. लेकरू घेतलं, त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या, पाय दाबला आणि त्यांचा चेहरा उतरला. पाणी उकळत ठेवलं. दुधाची पूड पातळ कालवून त्या चमच्याच्या टोकानं थेंब थेंब ओठांत सोडू लागल्या. पहिले थेंब गालावरून ओघळून गेले. "भात अजिबात द्यायचा नाही बरं," त्या म्हणाल्या. "पोट विसरलंय त्याचं. सावकाश आठवण करून द्यायची. होईल की नाही ते मी सांगू शकत नाही, बाई. महिनाभर आधी आला असता तर सांगितलं असतं."

तो पहिला दिवस तसाच गेला. दुसराही गेला. लटारू रडत नव्हता. शेजारच्या आठ घरांतल्या बायका आळीपाळीनं येऊन चमचा हातात घेत, म्हणजे मनकर्णाला डोळा लावता येई. पण तिचा डोळा लागत नव्हता. या बायका किंमत कधी सांगतात, याची ती वाट पाहत होती. डोक्यावर पाणी कधी घालतात, वही कधी काढतात, कागदावर अंगठा कधी मागतात. प्रार्थनाघराच्या पडवीत सकाळी लेकरांची रांग बसे. त्यात टोल्यावरची गोंडांची होती, कुणब्यांची होती, ढिवरांची होती. पेले रिकामे झाले की ती उठून आपापल्या घरी जात. कुणी अडवत नव्हतं.

आणि रोज दोन वेळा ती एक गोष्ट पाहत होती. मार्थाबाई भातासाठी तांदूळ घेत, त्यातली एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकत, आणि उरलेला तांदूळ धुवून चुलीवर ठेवत. मूठ भरून घेत, पण मागे उरलेला तांदूळ फार नसे. तिसऱ्या दिवशी मागे एवढा थोडा उरला, की मार्थाबाईंनी भाताची पेज केली.

मनकर्णाला राहवलं नाही. ही मूठ कुणाची, असं तिनं विचारलं.

"घरात नसलेल्या माणसाची," मार्थाबाई म्हणाल्या. नऊही घरांतून अशी मूठ निघते, रविवारी एकत्र ओततात आणि ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्याकडे नेतात, असं त्यांनी सांगितलं.

"आनि त्याच्या बदल्यात काय घेता? माह्या पोराले कवा घेता?"

मार्थाबाईंच्या हातातला चमचा थांबला. तेव्हा मनकर्णानं त्यांना सूप, उंबरा, कोदो, दोन्ही हातांनी उचललेलं लेकरू, सोमारीचं जाणं, सगळं सांगितलं. ऐकताना मार्थाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"वीस वर्षं झाली मला इथं," त्या म्हणाल्या, "आणि मी तुमच्या घरची रीत कधी विचारली नाही. वहीत नाव लिहायचं ते पुढच्या खेपेला विसरू नये म्हणून. सूप हाताशी दिसलं म्हणून घेतलं. त्या सोमारीच्या दारातही मी पहिल्या खेपेला सूपच मागितलं होतं गं." आणि त्या रडू लागल्या.

बुधरी कोपऱ्यात बसून बांबूचे कोंब सोलत होती. ती म्हणाली, आता सूप मागू नका, पदरात घाला. पदरातलं दान असते. इकत घ्याचं असन तर आधी मले पुसा, मालकीन मी हाय. मार्थाबाईंना रडता रडता हसू आलं.

चौथ्या दिवशी सकाळी चमचा रिकामा झाला आणि मार्थाबाई दुसरा भरायला वळल्या. तेवढाच उशीर झाला. मनकर्णाच्या मांडीवरून एक चिरका, रागावलेला आवाज उठला. रडला! लटारू भुकेनं रडला! शेजारच्या बायका हातातली कामं टाकून दारात गोळा झाल्या. एरवी लेकरू रडलं की आपण गप्प गप्प म्हणतो. त्या दिवशी त्याला कुणीही गप्प म्हटलं नाही.

सतरा दिवसांनी मनकर्णा लटारूला कडेवर घेऊन गावी परतली. सूज उतरून पोरगा काटकुळा दिसत होता, पण मान ताठ धरून इकडेतिकडे पाहत होता. नानाजी वेशीवर बसलेले होते. रोजच बसत होते, असं नंतर कळलं. त्यांनी हात पुढे केले नाहीत. लटारूनंच त्यांच्या पागोट्याचा शेव ओढला, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला घेतलं आणि त्याच्या पोटात तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी नानाजी आपण होऊन चावडीवर गेले. जिथं बसून ते आधी बोलले होते, तिथं बसले नाहीत, उभे राहिले. मुखरू होता, बाकीचेही होते.

"मी भेलो आनि तुमाले भेववलं," ते म्हणाले. "मले मालूम नोहतं ते मालूम हाय म्हनून सांगतलं. त्या बाईले एक सबद पुसला असता, तं आज सोमारी असती. मुखरू, तुह्या पोरीवरचे काटे माह्या हातचे हाय."

मुखरू उठला आणि निघून गेला. त्यानं त्यांना शिव्या दिल्या नाहीत आणि माफही केलं नाही. नानाजी सगळे पांगेपर्यंत तसेच उभे राहिले.

कार्तिकात धान घरात आलं. पहिल्याच दिवशी नानाजींनी मनकर्णाला चुलीजवळ एक गाडगं ठेवायला सांगितलं. हळूहळू गावातल्या अकरा घरांत तशी गाडगी आली. महिन्याच्या शेवटी मार्थाबाई येत आणि त्या मुठी नेत. त्यात लुचईही असे, कनकीही असे. ज्या दारात चूल पेटलेली नसे, तिथं नऊ घरांच्या तांदळात पिपरटोल्याचेही तांदूळ पडत. कुणी किरिस्तान झालं नाही, कुणाचा देव हलला नाही. मनकर्णा तर म्हणे, माझा लटारू अजून बुधरीबाईचाच आहे, मी निस्ती राखनदार.

बंधुभगिनींनो, आपल्या दाराशी कुणी परका माणूस मूठभर दाणे घेऊन उभा राहिला, तर त्याला दोन शब्द विचारावेत. कुठून आलास, का आलास, याच्या बदल्यात काय हवं? उत्तर पटलं नाही तर दार लावायला वेळ आहेच. पण न विचारता लावलेल्या दाराआड एखादं लेकरू असतं, आणि त्याला तेवढा वेळ नसतो. आणि जे देण्यासाठी निघतात, त्यांनीही ज्या घरी जायचं त्या घराची रीत आधी विचारावी. देणाऱ्याचं मन स्वच्छ असलं म्हणून घेणाऱ्याची भीती आपोआप जात नाही. विचारायला दोघांनाही एक वाक्य पुरलं असतं. या गोष्टीत ते वाक्य महिनाभर कुणीच बोललं नाही.

गोठ्यामागे रचलेले काटे नानाजींनी वालाच्या वेलाभोवती लावले. पुढच्या वर्षी त्या वेलाच्या शेंगा लटारूनं स्वतःच्या हातानं तोडल्या. मोहाखालच्या सोमारीच्या उंचवट्यावरचे काटे तेव्हा वाळून तपकिरी झाले होते. नानाजी दर अमावास्येला तिथं जात आणि घसरलेले दगड पुन्हा नीट बसवून येत.